चिलटाची तिसरी अवस्था

विज्ञान आज ना उद्या समाजाच्या उपयोगी पडतंच, यावर अकरा वर्षं माझी श्रद्धा होती. ती फळाला आली एका गुरुवारी, तिसऱ्या तासाला, बेडकाचं हृदय फळ्यावर अर्धं काढून झालेलं असताना. दारात आमचे प्रयोगशाळा परिचर लहानू मामा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आबासाहेबांनी बोलावलंय. चिलटांचं काम आहे म्हणे."

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण मी तासिका तत्त्वावर होतो. तासिका तत्त्वावर म्हणजे घंटा ते घंटा प्राध्यापक. मधल्या वेळेत नुसता नागरिक. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावल्यावर हसण्याचा अधिकार कायम नोकरीवाल्यांना असतो, आणि ते हसत नाहीत.

"चिलटांचंच ना? नक्की?" मी जिन्यात विचारलं.

"दोनदा इचारलं मी. म्हणाले, तो चिलटांचा डॉक्टर हाय ना आपल्याकडं, त्याला आणा."

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. पण मामांच्या तोंडचा तो 'डॉक्टर' मला अजून ऐकू येतो. साळवंडी धरणाच्या फुगवट्यातली चिलटं हा माझ्या पीएच.डी.चा विषय. चिलट म्हणजे डास नव्हे, हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीपासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे म्हटलेलं आहे. दिसतं डासासारखं, पण चावत नाही. एवढं सांगितल्यावर लोकांचा त्याच्यातला रस संपतो. 'डॉक्टर' असं मला तोवर फक्त पोस्टमन म्हणत असे, तेही पाकिटावर लिहिलेलं असलं तर.

आबासाहेब खलाटे टेबलामागे बसले होते. ढालींच्या कपाटाला एक लांबलचक गळाची काठी टेकवलेली होती आणि टेबलावर, फायलींच्या मधोमध, एक छोटासा शिकंजा होता. सोनाराच्या दुकानात शोभला असता असा.

"बसा, डॉक्टर कुलथे," आबासाहेब म्हणाले. अकरा वर्षांत मी त्या खोलीत पहिल्यांदा बसलो.

"गेल्या साली आम्ही न्यूझीलंडला गेलो होतो, दूधसंघाच्या अभ्यासदौऱ्यावर. दूध आपल्यासारखंच पांढरं. पण तिथल्या लोकांनी मासा धरायला नेलं. गळाला काय लावलं असंल?"

"गांडूळ?"

"कसलं गांडूळ! दोरा. नुसता दोरा गुंडाळलेला, किड्यावानी. अन् मासा फसतो की हो! त्यात खायला काही नाही, तरी येतो तोंड वासून. मी म्हटलं, ह्यांना निवडणुका अवघड जात नसतील."

मी बेताचं हसलो.

"आता ऐका. रविवारी मुंबईहून तेलंग साहेब येतायत. पदमान्यतेच्या फायली त्यांच्या टेबलावरनं जातात. प्राणिशास्त्राची जागा रिकामी होऊन दोन वर्षं झाली. मान्यता नाही म्हणून भरता येत नाही. त्यांना ह्या दोऱ्याच्या किड्यांचा भारी नाद. बायको गेल्यापासून तर तेवढाच. अन् त्यांचं म्हणणं, ज्या पाण्यावर जायचं, त्याच पाण्यातला किडा पाहिजे, हुबेहूब. आता आपल्या पाण्यातल्या किड्याचा जाणकार साऱ्या महाराष्ट्रात कोण?"

"मी," मी म्हणालो. ही बढाई नव्हती. दुसरा कोणी त्या वाटेला गेला नव्हता.

"मग बनवा. मासा लागला, की माणूस खूश. माणूस खूश असताना मी जागेचं काढतो. जागा एक, माणूस एक. तुम्ही."

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. "पर्मनंटचं कुठवर आलं?" असं सासरे दर दिवाळीला विचारत. त्या दिवाळीला त्यांनी विचारलं नव्हतं, आणि ते मला जास्त लागलं होतं.

"चिलटाच्या चार अवस्था असतात," मी घसा साफ करून म्हणालो. "अंडी, अळी, कोश आणि प्रौढ."

"साहेबांना कुठली आवडंल?"

"साहेबांना नाही, माशाला. तिसरी. अळी तळाच्या गाळात राहते, तांबडीलाल असते. प्रौढ झाला की उडून जातो. मधला कोश मात्र गाळातून वर येतो आणि पाण्याच्या पापुद्र्याखाली लटकून राहतो. पाठ फोडून बाहेर पडता येईपर्यंत. त्या वेळी त्याला ना पोहता येतं, ना उडता. मासे तेव्हाच घेतात."

"किती वेळ लटकतो?"

"थोडाच वेळ. काहींना बाहेर पडताच येत नाही."

"तुमच्यावानीच की," आबासाहेब म्हणाले, आणि मनापासून हसले.

बाहेर व्हरांड्यात प्राचार्य मुळे सर कागद घेऊन उभे होते. "कुलथे, रविवारचे निमंत्रक तुम्ही. इथे सही करा."

'मान्यवरांच्या आगमनाची पूर्वतयारी' या मथळ्याची ती नऊ मुद्द्यांची यादी आमच्या कॉलेजात माझ्या आधीपासून होती. पाहुणे बदलत, यादी बदलत नसे. वर फक्त नाव आणि तारीख टिपेक्सवर नव्याने लिहीत. रांगोळी, शाल-श्रीफळ, बाटलीबंद पाणी, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक. ती यादी वाचून मग सही करणं म्हणजे राष्ट्रगीताचा अर्थ लावून मग उभं राहण्यासारखं होतं. मी जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून सही केली आणि प्रयोगशाळेकडे धावलो.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे सांगायला मला संकोच वाटतो. माझं लग्न झालेलं आहे, एक मुलगी आहे.

आबासाहेबांनी गळ धरून ठेवायचा तो शिकंजा आणि बारीक गळ दिले होते, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासे मोठे. बाकी सामान आम्ही जमवलं. अंगासाठी शिंप्याकडचा काळपट तपकिरी दोरा. पोटाची वळी दाखवायला मोटार वाइंडिंगवाल्याकडची केसासारखी तार. छातीचा फुगवटा मोरपिसाच्या एका धाग्याचा. ते मोरपीस स्टाफरूममधल्या सरस्वतीच्या फोटोमागून काढलं. डोक्याजवळचा पांढरा झुबका, ज्याने कोश श्वास घेतो, तो काही जमेना. कापूस भिजून बसे, लोकर जाड दिसे.

लहानू मामांनी खिशातून एक पीस काढलं. "बगळ्याचं बघा सर. तेल असतंय त्याला. बुडत नाही."

लहानू मामांची जात भोयांची. धरणाच्या आधी नदी होती तेव्हा त्यांचे वडील तिच्यात जाळं टाकत. त्यांची वस्ती पाण्याखाली गेली ती जागा म्हणजेच माझी नमुने घेण्याची जागा, भोईघाटाचं वळण. मामा एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत होते, रोजंदारीवर. अकरा वर्षं दर आठवड्याला तेच माझ्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाळ काढत आले होते. मी काठावर वही धरत असे. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव होतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयानंतर.

पीस बसलं. आमचा कोश भिंगाखाली खऱ्याशेजारी ठेवला तेव्हा खरा कोश कोणता आणि दोऱ्याचा कोणता हे मलाही क्षणभर कळेना.

"जिताच वाटतोय," मामा म्हणाले. मग भिंगावरून डोळा काढून, "पण सर, हे खाणार कोण?"

"मासे."

"ते खरं. पण चिलटं टिपणारे मासे गेले की. शेंगाळा गेला, खवल्या गेला. आता साऱ्या धरणात चिलापी. ती शेवाळ ओरपती."

"मामा, चिलापी चिलटांचे कोश खाते अशी नोंद आहे."

"कुठं?"

"इजिप्तमध्ये."

"आस्सं," मामा म्हणाले, आणि शिकंज्याखाली सांडलेले दोरे गोळा करायला लागले. मग म्हणाले, "अन् सर, ते यादीतलं सहावं. मी म्हणत होतो, ते ह्या खेपेला..."

मी त्या वेळी चौथ्या कोशाची सातवी वळी घेत होतो. कोशाच्या पोटाला किती वळी हे जगात फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि त्यातल्या एकाशी तेव्हा बोलू नये.

"यादीत आहे ना?"

"हाय. आपल्या खात्याच्या नावानं हाय. म्हणून तर इचारतोय."

"मग करून टाका, मामा. सही झालीय माझी."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. मग गेले.

रविवारी सकाळी सात वाजता भोईघाटाच्या वळणावर धुकं होतं आणि मांडव होता. धरणाच्या काठावर मांडव कशाला, असं मी कोणाला विचारलं नाही, यादीत असणार. पाणी एकवीस अंशांवर आलं होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या वळणावर साडेसात ते नऊच्या दरम्यान कोश झुंडीने वर येतात, हे मी अकरा वर्षांच्या वह्यांवरून आबासाहेबांना लेखी दिलं होतं. त्यांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला होता.

तेलंग साहेब गाडीतून उतरले. उंच, वाळलेले, डोक्यावर जुनी टोपी. रांगोळीला वळसा घालून, शाल अंगावर तशीच ठेवून ते थेट माझ्याकडे आले.

"कोश तुम्ही बांधलेत?"

मी डबी उघडली. साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि पाचही कोश एकेक करून पाहिले. मागे बॅन्डपथक थांबलं होतं. प्राचार्य घड्याळ पाहत होते. साहेबांना घाई नव्हती.

"श्वासाचा झुबका बगळ्याचा?"

"हो. आमच्या... हो."

"आणि वळी मोजून घेतल्यात."

"हो."

"मी स्कॉटलंडला प्रशिक्षणाला होतो तेव्हापासून हा खेळ करतो. पंचवीस वर्षं झाली. वळी मोजून घेणारा माणूस आज भेटला." त्यांनी भिंग मिटलं. "किती वर्षं करताय हे?"

"अकरा."

"प्रबंध कोणी वाचला?"

"परीक्षकांनी."

"दोघांनी?"

"एकांनी. दुसऱ्यांनी सही केली."

साहेब हसले. ओळखीचं हसले. मला कोणीतरी हात धरून खुर्चीवर बसवल्यासारखं वाटलं. मी अख्खा जन्म त्या हसण्याची वाट पाहत होतो आणि ते मुंबईहून गाडीत बसून आलं होतं.

"आणि शेवटची अवस्था? प्रौढ?" त्यांनी काठी जोडता जोडता विचारलं.

"दोन-चार दिवस जगतो. तोंड असतं, पण ते चालत नाही."

"एवढी खटपट करून बाहेर पडायचं, आणि हे," साहेब म्हणाले. दोघांनाही ते दुःखाचं वाटलं, म्हणून आम्ही दोघांनीही पाण्याकडे पाहिलं.

साहेबांचा दोरा हवेत मोठ्या सुरेख वळणाने गेला आणि कोश अलगद पाण्यावर उतरला. सगळे श्वास रोखून उभे होते. सरपंचांनी तंबाखू मळायची थांबवली.

काही झालं नाही.

साहेबांनी पुन्हा टाकला. मग थोडा उजवीकडे. मग लांब, मग जवळ. पावणेआठ झाले, आठ झाले. एरवी या वेळेला पाण्यावर पाऊस पडत असल्यासारखे बारीक ठिपके उठतात, काठावरच्या बाभळीवर चिलटांचा धूर उठतो. बाभूळ स्वच्छ होती. अकरा वर्षांत ती मी इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती.

"आज उठत नाहीत का?" साहेबांनी विचारलं.

"उठायला हवेत," मी म्हणालो.

"काय झालं?" आबासाहेब माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले. "तुम्ही लेखी दिलंय."

तेवढ्यात धुकं फाटलं आणि ऊन पाण्यावर आलं. सगळं वळण सप्तरंगी झालं. "वा! काय रंग आलाय," सरपंच म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, पहिला क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग मी खाली वाकलो.

पाण्यावर तेल होतं. त्या पापुद्र्याखाली, काठापासून दिसेल तिथवर, कोश लटकलेले होते. हजारो. पाठ फोडायला वर आलेले आणि वरच अडकलेले. काहींचं डोकं बाहेर आलं होतं, पंख तेलात चिकटून. हलत कोणीच नव्हतं. वेळ मात्र मी लेखी दिलेलीच त्यांनी पाळली होती.

साहेब माझ्या शेजारी येऊन वाकले. बोट पाण्याला लावून त्यांनी वास घेतला. "जळकं ऑईल आहे. गाडीचं."

"जळकं ऑईल?" आबासाहेब गरजले. "आमच्या धरणात? कोणी टाकलं?"

मला तेव्हा कळलं. आबासाहेबांच्या आवाजाने नव्हे, यादीने. सहावा मुद्दा मला अचानक डोळ्यांसमोर दिसायला लागला, न वाचता इतकी वर्षं पाहिलेल्या गोष्टी जशा दिसतात तसा. 'कार्यक्रमस्थळी डास निर्मूलन: धूर फवारणी व साचलेल्या पाण्यावर जळके ऑईल सोडणे. कार्यवाही: प्रयोगशाळा.' कार्यक्रम एरवी कॉलेजच्या पटांगणात होत. तिथे साचलेलं पाणी म्हणजे नळाजवळचं डबकं. या खेपेला कार्यक्रमस्थळ धरण होतं.

"असं काही आपल्या नियोजनात नव्हतं," प्राचार्य घाईने म्हणाले. तेही ती यादी कधी वाचत नसणार, त्यामुळे ते खोटं बोलत होते असं म्हणता येणार नाही.

मागून लहानू मामा पुढे आले. धुतलेला सदरा, टोपी. "मी सोडलं, साहेब. काल संध्याकाळी. दोन डबे."

"तू?" आबासाहेब म्हणाले. "भोयाचा ना रे तू? पाण्यात तेल सोडतोस? तुला सांगितलं कोणी?"

मामांचा उजवा हात सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला आणि तिथे थांबला. खिशातून घडी घातलेल्या कागदाचा कोपरा दिसत होता. त्या कागदावर खाली उजवीकडे काय आहे ते मला ठाऊक होतं. ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. वर्गाच्या दारात उभे राहून, बोलू का, असं विचारताना पाहत तसे.

तेलंग साहेबही माझ्याकडे पाहत होते. "कुलथे, हे तुमच्या प्रयोगशाळेतले ना? यांना कल्पना नव्हती का, डास कुठला आणि चिलट कुठलं?"

तिथे माझ्याइतकी कल्पना असलेला दुसरा माणूस कोणी असेल तर तो लहानू मामा, हे मी सांगू शकलो असतो. झुबक्याचं पीस कोणाचं, हेही. सगळं मिळून दोन वाक्यं झाली असती.

"मामांचा काहीतरी गैरसमज झाला असावा," मी म्हणालो.

लहानू मामांचा हात खिशावरून खाली आला.

"व्हय," ते आबासाहेबांना म्हणाले. "माझाच झाला."

"उद्यापासून येऊ नको," आबासाहेब म्हणाले. एकोणीस वर्षांचं काम होतं, पण रोजंदारीच्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. मामांनी टोपी सारखी केली, मला नमस्कार केला, म्हणजे रोज संध्याकाळी जाताना करत तसाच केला, आणि बांधावरून चालत निघून गेले. बॅन्डपथकाने त्यांना वाट करून दिली.

तेलंग साहेबांनी दोरा गुंडाळला. गळावरचा कोश रुमालाने स्वच्छ पुसला. ते तो टोपीला लावतील असं मला वाटलं होतं. तिथे आधीचे पाच-सहा लावलेले होते. त्यांनी तो डबीत ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. त्यांना काही कळलं होतं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. आवाज सभ्य होता.

एवढ्यात वळणाच्या पलीकडून, जिथे तेल पोचलं नव्हतं तिथून, आबासाहेबांच्या ड्रायव्हरची आरोळी आली. वेळ जात नाही म्हणून त्याने डब्यातल्या पोळीची कणीक करून काटकीला बांधलेल्या गळाला लावली होती, आणि तिला चिलापी लागली होती. वीतभर. आबासाहेबांचा चेहरा उजळला. ते ड्रायव्हरच्या हातून काठी घेऊन धावत आले, ती साहेबांच्या हातात दिली, आणि फोटोग्राफरला म्हणाले, "काढ. मासा लागला म्हणजे लागला."

साहेबांनी मासा धरून फोटो काढू दिला. फोटोत मी डावीकडून तिसरा आहे.

मासा लागला होता. म्हणजे लहानू मामांचा काही गैरसमज झाला नसता तरी चाललं असतं.

मांडवात नाश्त्याला आबासाहेबांनी मला जवळ बोलावलं. माझ्या हातातली पोह्यांची बशी मी टेबलावर ठेवली.

"साहेब, हे आमचे कुलथे. ह्यांच्या जागेचं तेवढं..."

"प्राणिशास्त्राची ना?" तेलंग साहेब म्हणाले. "ते पद व्यपगत, म्हणजे रद्द झालं, गेल्या मार्चमध्ये. मुदतीत भरलं नाही म्हणून. तुमच्या संस्थेला पत्र पाठवलं होतं मी."

आबासाहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, सवयीने.

"आलं असेल," प्राचार्य म्हणाले. "सही करून घेतलं असणार."

साहेबांनी चहा संपवला, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि गेले. शाल विसरली होती. ती पुढच्या पाहुण्यांना चालली.

सोमवारी मी प्रयोगशाळा स्वतः उघडली. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची हे मला माहीत नव्हतं. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टी ठेवायच्या जागी, घडी घातलेला कागद होता. मामा रविवारीच येऊन ठेवून गेले असणार. यादी होती. नऊ मुद्दे, खाली उजवीकडे माझी सही. सहाव्या मुद्द्यापुढे पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'सरांना विचारले. करा म्हणाले.'

ते दाखवायला म्हणून त्यांनी लिहिलं असेल. दाखवलं नाही.

मी पुढेही तासिका तत्त्वावरच राहिलो. मार्चपासून मंगळवारच्या बाजारात लहानू मामा मासळी घेऊन बसायला लागले. गोणपाटावर चिलाप्यांचा ढीग, समोर काटा. पहिल्यांदा मी पलीकडच्या गल्लीतून गेलो. दुसऱ्या मंगळवारी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"या सर," ते म्हणाले. "किती देऊ?"

"सहा."

"साफ करून देऊ?"

"नको. पोट तसंच राहू द्या."

त्यांनी वर पाहिलं. मग सहा मासे निवडले, त्यातल्या त्यात ताजे, आणि पिशवीत घातले. "इजिप्तचं बघताय व्हय," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का, मी शोधला. सापडला नाही.

मी त्यांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मागे गिऱ्हाईक होतं. मी पिशवी घेतली.

दर मंगळवारी गेलो, मे महिन्यापर्यंत. दर मंगळवारी ते पाच-सहा निवडून देत आणि 'साफ करून देऊ?' विचारत, आणि मी नको म्हणे. कॉलेजला सुट्टी लागेपर्यंत एकसष्ट चिलाप्या झाल्या. बाराही मंगळवारांचे मासे भोईघाटाच्या वळणावरचेच होते. प्रत्येकीचं पोट मी स्वतः उघडलं आणि भिंगाखाली पाहिलं. अकरा वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. माझा विषय चिलटं होता, मासे नव्हे.

शेवाळ आणि गाळ. चिलटाचा कोश एकाही पोटात नव्हता.